कपाटाला टेकलेला गाल

म्हापशाच्या बाजारात वाद्यांचं एक जुनं दुकान आहे. छताला गिटारी टांगलेल्या, कोपऱ्यात ढोल, फळ्यांवर व्हायोलिनच्या धूळ बसलेल्या पेट्या, आणि अगदी मागे, भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलेलं फणसाच्या लाकडाचं एक रिकामं कपाट. त्याच्या उजव्या दारावर, उभ्या माणसाचा गाल येतो तिथे, पॉलिश पार उडालेलं आहे. एखादं नवखं गिऱ्हाईक कपाटाची किंमत विचारतं. मालक आग्नेलबाब मान वर न करता सांगतात, "तें विकूंक ना. तें गुरुदासबाबाचें."

तो गाल गुरुदासबाबांचा.

मी साखळीच्या एका बँकेत नोकरीला आहे आणि कारापूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. मूळची पेडण्याची. लग्न केलं नाही. का केलं नाही हे सांगत बसले तर हे लेखन माझ्यावरच व्हायचं. चाळिशी ओलांडल्यावर मी बेस गिटार शिकायचं ठरवलं. बँकेत सगळे हसले. कॅशियर म्हणाला, "मॅडम, गिटार तरी धड घ्या, ही बेस कसली? तिचा आवाज तरी येतो का कोणाला?" त्याचंही खरंच होतं. बेसचा आवाज फार जणांना येत नाही. लहानपणी गावच्या उत्सवात ऑर्केस्ट्रा आला की आम्ही मुली स्टेजखाली जाऊन बसायचो. गाणारीचा आवाज वरून जायचा, पण कसलातरी एक जाड सूर फळ्यांतून खाली उतरून पाठीच्या कण्यात शिरायचा. तो कोणत्या वाद्याचा हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. आई गेल्यावर घर फारच गप्प झालं, आणि त्या गप्पपणात मला तो सूर आठवायला लागला. हौस म्हणा, वेड म्हणा.

पैसे बेताचे होते. बारा हजारांत गिटार आणि अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा पेटारा, दोन्ही बसवायचं होतं. आमच्या बँकेचा शिपाई म्हणाला, "आमोण्याच्या गुरुदासबाबांक आपयात. तांका घेतल्याबगर हांगा कोण बेस घेवंक वचना." मी बोलवायला फोन केला तर तो उचललाच गेला नाही. शिपाई म्हणाला, ते फोन घेत नाहीत, घरी जाऊनच सांगावं लागतं. मला तो कलावंताचा तोरा वाटला.

आमोण्याला मांडवीच्या काठाजवळ त्यांचं कौलारू घर होतं. साठीच्या पुढचा, काटकुळा, पण खांद्यांत रुंद असा माणूस. पांढरा शर्ट, तोही इस्त्रीचा. माझं सगळं म्हणणं त्यांनी माझ्या तोंडाकडे एकटक बघत ऐकून घेतलं. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं, मी अगदी भारावून गेले. मग त्यांनी दोन अटी सांगितल्या. पैसे घेणार नाही, पण जेवणात इसवण, म्हणजे सुरमई, हवा, तोही तळलेला. आणि घेतलेल्या गिटारीवरचा पहिला सूर ते वाजवणार.

दुसऱ्याच शनिवारी आम्ही बसने म्हापशाला गेलो. दुकानात शिरल्या शिरल्या मी एका लालभडक, चकचकीत बेसजवळ गेले. गुरुदासबाबांनी मला दंडाला धरून मागे ओढलं.

"रंग पळोवं नाका गो बाय. रंगाक सूर नासता."

मग त्यांनी खिशातून एक स्टीलची पट्टी, एक जुनं लग्नाचं कार्ड आणि रुमाल काढला. रुमाल घाम पुसायला. बाकी दोन वस्तूंवर त्यांचं सगळं शास्त्र होतं. प्रत्येक बेस ते उचलायचे आणि बंदूक धरावी तशी डोळ्यासमोर धरून तिच्या मानेवरून नजर टाकायचे. "मनशाची आनी गिटारीची मान ताठ आसूंक जाय. पूण अति ताठ न्हय. मातशी बाक जाय, ना जाल्यार तारो करकरतात." पट्टीने तारांची उंची मोजायचे, मग तार दोन्ही टोकांना दाबून धरून मध्ये ते लग्नाचं कार्ड सरकवायचे. कार्ड अलगद गेलं तर ठीक, अडकलं किंवा सैल पडलं तर ती गिटार परत खुंटीला. मग पट्टा गळ्यात अडकवून डावा हात सोडून द्यायचा. सोडल्यावर गिटारीचं डोकं जमिनीकडे झुकलं की ती बाद. "हिका तू दोन वरां सांबाळटली काय वाजयतली?" पाच तारांच्या बेसकडे त्यांनी पाहिलंही नाही. थोड्या पैशात पाचवी तार घेणं म्हणजे एका पगारात दोन घरं चालवणं, असं त्यांचं मत. आणि नवी स्वस्त घेण्यापेक्षा कोणीतरी पंधरा वर्षं वाजवलेली जुनी घ्यावी, कारण जे वाकायचं ते एव्हाना वाकून झालेलं असतं. "मनीसच कसो," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

शेवटी दोन गिटारी उरल्या. आग्नेलबाब अ‍ॅम्पची वायर घेऊन आले तर गुरुदासबाबांनी हात आडवा केला. "पयलीं वायर नाका. वायर फटयता." वायरीतून खोटा सूर येतो म्हणे. मग ते कपाटाकडे गेले. गिटारीच्या डोक्याचं टोक त्यांनी कपाटाच्या दाराला टेकवलं, उजवा गाल फळीला लावला, डोळे मिटले आणि सगळ्यात जाड तार अंगठ्याने वाजवली. मला पुसटसा गुणगुणाट ऐकू आला. ते मात्र बराच वेळ तसेच उभे होते. सूर विझेपर्यंत. मग दुसरी गिटार. मग पुन्हा पहिली. दुकानात तेव्हा सहा-सात गिऱ्हाइकं होती. देवळात कौल लागायची वाट पाहताना असतात तशी माणसं उभी होती.

"ही," ते म्हणाले. काळी, खालच्या बाजूला खरवडलेली, दिसायला अगदीच सामान्य. मी त्या लालभडक बेसकडे एकदा वळून पाहिलं, आणि दुधाची तहान ताकावर भागवायची तयारी केली. आज इतक्या वर्षांनी सांगते, ते ताक नव्हतं.

पहिला सूर वाजवायच्या आधी त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे शुभकार्याला घालतात तसं, दुकानाच्या मधोमध उभं राहून, हात जोडून, खड्या आवाजात. "बा देवा म्हाराजा! आज ह्या बायन वाद्य घेतलां. ताची मान वांकडी जावं नाका, तार तुटूं नाका, शेजाऱ्यांक कंटाळो येवं नाका, आनी दोन म्हयन्यांनी हें माळ्यार चडून धुल्ल खावं नाका रे म्हाराजा!" प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. मी लाजत पुटपुटले. सगळ्यांत मोठ्याने म्हणाले ते गळ्यात क्रूस घातलेले आग्नेलबाब.

कपाटाची ती परीक्षा डिचोलीपासून वाळपईपर्यंत पसरलेली होती, हे मला नंतर कळलं. गुरुदासबाबांना न नेता गिटार घ्यायला जाणारेसुद्धा दुकानात आल्यावर कपाटाला गाल लावायचे. त्यांना काही कळायचं नाही, पण मान डोलवायचे. पेडण्याच्या एका मास्तरांनी घरी नेऊन खात्री करावी म्हणून लोखंडी कपाटाला गिटार टेकवली, तर आतल्या हँगरांनीच साथ धरली. ते गिटार परत करायला आले. आग्नेलबाबांनी त्यांना समजावलं की दोष गिटारीचा नाही, कपाटाचा आहे. साखळीच्या बँडवाल्यांत तर वाद होता, डावा गाल लावायचा की उजवा. गुरुदासबाब उजवाच लावत, म्हणून बहुमत उजव्याला होतं.

मी दर रविवारी सकाळी आमोण्याला शिकायला जायला लागले. पाववाला पोदेर सायकलवरून पों पों करत यायचा. गुरुदासबाब कधी उठून बाहेर गेले नाहीत. फाटकाला त्यांनी एक कापडी पिशवी टांगून ठेवली होती, पोदेर तिच्यात चार उंडे टाकून निघून जायचा. बायको, शालिनी, जाऊन पाच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आतल्या खोलीत तिचं लग्नातलं शिसवी कपाट होतं, तिच्या साड्यांसकट. एक बहीण वाळपईला, ती संक्रांतीला तिळगूळ घेऊन यायची. बाकी त्या घरात कोणी येत असेल तर तो गिटार घ्यायला निघालेला माणूस.

चहा-उंडे झाले की शिकवणी. ते मला नेहमी खिडकीसमोर बसवायचे, उजेड माझ्या तोंडावर येईल असं. शिकवून झालं की त्यांचा एक खेळ असायचा. कुठल्यातरी गाण्याची नुसती बेस वाजवायची आणि विचारायचं, "खंयचें गाणें, सांग." मला कधी म्हणजे कधी ओळखता आलं नाही. फोनवर कोणाचं एका बाजूचंच बोलणं ऐकावं तसं ते वाटायचं. मी काहीही ठोकून द्यायची. ते आरती वाजवत असायचे आणि मी लावणी म्हणायची. ते कपाळाला हात लावायचे. "बेस एकटी आसली की तिका कोण वळखना," ते एकदा म्हणाले. विनोदाने म्हणाले होते.

ते पूर्वी एका बँडमध्ये होते. दिवसा खाणीवर, रात्री लग्नात नाहीतर जत्रेत. खाणीवर ते दगड फोडणाऱ्या यंत्राजवळ चोवीस वर्षं कामाला होते. खाण बंद पडली, आणि त्याच सुमारास बँडनेही त्यांना थांबवलं. काही भांडण नाही. बँड चालवणारा प्रकाश की-बोर्ड वाजवायचा आणि नव्या की-बोर्डवर डाव्या हाताने बेसही निघते, मग एका माणसाचा खर्च कशाला, असा साधा हिशेब. त्यांच्याशिवायचा पहिला कार्यक्रम ऐकायला ते स्वतः गेले होते, शेवटच्या रांगेत. पुढचं ते दर दोन-तीन आठवड्यांनी मला नव्याने सांगायचे. कोणाला काही फरक कळला नाही. फक्त शेजारी बसलेली एक म्हातारी आपल्या सुनेला म्हणाली, "आज गाणें उपाशी कशें दिसता गो?"

"उपाशी!" गुरुदासबाब मांडीवर थाप मारायचे. "बरोबर वळखलें म्हातारेन." त्या म्हातारीचं नावसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. पण एखाद्याला पदक मिळावं तसं ते वाक्य त्यांनी जपलं होतं.

बँडची एक कॅसेट होती, त्यांनीच बांधलेलं एक गाणं तिच्यात होतं. पैलतीराला गेलेल्या होडीचं, सगळे त्याला नुसतं 'पैलतड' म्हणायचे. एका रविवारी त्यांनी ते मला ऐकवलं. कॅसेट चालू करून त्यांनी तळहात त्या टेपवर ठेवला आणि म्हणाले, "ह्यांत हांव आसां. आयक." मी ऐकलं. गाणारी ऐकू आली, बासरी ऐकू आली, ताशासारखा खणखणणारा ड्रम ऐकू आला. ते कुठे होते ते काही मला सापडलं नाही. मी मान डोलवली. त्यांना ते कळलं असणार.

पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी चुलीवर, म्हणजे गॅसवर, कुकर होता आणि ते बाहेरच्या खोलीत पाठमोरे बसून तार बदलत होते. मी जरा उशिरा पोचले. कुकरच्या शिट्ट्या फाटकापासून ऐकू येत होत्या. चार, पाच, सहा. मी दारातून हाक मारली. "गुरुदासबाब, कुकर!" ते तार ओवत होते. मी मोठ्याने ओरडले. सातवी शिट्टी झाली, डाळीचा करपट वास आला, आणि मी अजून त्यांच्या पाठीशीच उभी होते. तेवढ्यात नदीतून एक मालवाहू बार्ज गेला असावा. मला काहीच ऐकू आलं नव्हतं, पण त्यांनी जमिनीवरच्या पावलाकडे पाहिलं आणि मान उचलली. मग मागे वळून मला पाहिलं. माझ्या तोंडावर जे होतं ते त्यांना बरोबर वाचता आलं.

गॅस बंद करून आम्ही बसलो. डावा कान त्या दगड फोडणाऱ्या यंत्राने खाल्ला होता, उजव्यात थोडंसं उरलं होतं, तेही ओसरत चाललेलं. कानाचं मशीन लावून पाहिलं होतं. "मशिनींत भांडीं आयकूं येतात, शिट्यो आयकूं येतात. खालचो सूर येना. हांवें कितें भांडीं वाजोवंचीं?" लाकूड गालाच्या हाडाला टेकलं की मात्र सूर आत उतरायचा. आणि त्यातूनच ते ओळखायचे, कुठल्या गिटारीचं लाकूड जिवंत आहे, मानेवरच्या कुठल्या पट्टीवर सूर मरतो. सगळा तालुका ज्याला उस्तादाची खूण समजून गाल लावत होता, ती त्यांच्या ऐकण्याची शेवटची वाट होती.

मला हसू आलं नाही. तुम्हालाही येऊ नये.

"कोणाक सांगूं नाका," ते म्हणाले. "गाण्याक माका आतां कोण आपयना. गिटार घेवंक तरी आपयतात. हो भेड्डो म्हणून कळ्ळें जाल्यार तेंय सोंपलें. मागीर ह्या दारांत कोण येतलो, सांग?" भेड्डो म्हणजे बहिरा. हा शब्द ते स्वतःबद्दल फार कडवट तोंडाने म्हणाले. मग माझी काळी गिटार पुढे केली. "हिचेर हात दवर आनी सांग."

मी गिटारीवर हात ठेवून शपथ घेतली.

माघात गावच्या देवळाच्या जत्रेसाठी प्रकाश त्यांना बोलवायला आला. जुना बँड एक दिवस पुन्हा उभा करायचा होता, जुन्या सगळ्या माणसांसकट. गुरुदासबाबांनी त्याला तीनदा विचारलं, "हांव? नक्की?" तो गेल्यावर त्यांनी ट्रंकेतून बँडचा किरमिजी शर्ट काढला. बटणं तुटलेली होती, ती मी लावून दिली. त्या महिन्यात ते रोज वाजवत होते. शालिनीबाईंचं कपाट त्यांनी भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलं, कारण भिंतीला टेकलेलं लाकूड नीट बोलत नाही. साड्या मात्र काढल्या नाहीत. "तिका आयकूं दी," म्हणाले.

तालमी कारापूरला प्रकाशच्या घरी होत्या, म्हणून मीही गेले. पहिल्या दिवशी ते दाराच्या चौकटीला गिटार टेकवून उभे राहिले. सगळ्यांना ती त्यांची ऐट वाटली. दुसरी तालीम अंगणातल्या सिमेंटवर झाली. चौकट नाही, फळी नाही. तिथे एका गाण्यात ते अर्धा ठेका मागे पडले आणि पुढे सगळं कडवं मागेच राहिले. ड्रमवाल्याने प्रकाशकडे पाहिलं, प्रकाशने आभाळाकडे. गुरुदासबाब डोळे मिटून, तल्लीन होऊन वाजवत होते. मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी प्रकाशच्या घरी एकटीच गेले. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं, की भर जत्रेत त्यांचा ठेका चुकतो आहे आणि लोक हसताहेत. मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, स्टेज सिमेंटचं आहे, त्यावर फळ्या घाला. त्यांना पायातून कळतं, फळी असली की ते चुकणार नाहीत. प्रकाशचे डोळे भरून आले. तो माणूस वाईट नव्हता, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. "मॅडम, काळजी करूं नाकात. हांव पळयतां सगळें," तो म्हणाला. मी हलक्या मनाने घरी आले. करायला गेले गणपती.

जत्रेच्या संध्याकाळी स्टेजवर खरोखरच फळ्या होत्या. किरमिजी शर्टात गुरुदासबाब दहा वर्षांनी लहान दिसत होते. पायात चप्पल नव्हती. गाणी सुरू झाली आणि मला हायसं वाटलं. ठेका एकदम पक्का होता. तिसऱ्या गाण्यात मात्र त्यांनी एकदा डोळे उघडले, पायांकडे पाहिलं, मग प्रकाशच्या हातांकडे. नंतर पुन्हा वाजवू लागले. शेवटी 'पैलतड' झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरपंचांनी नारळ दिला.

ते स्टेजच्या मागे वायर गुंडाळत बसले होते. मी म्हटलं, "बाब, बरें जालें."

"तिसऱ्या गाण्यांत हांवें हात काडलो," ते वायरकडे बघत म्हणाले. "फळी हालतच उरली."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. प्रकाशने त्यांची वायर बंद ठेवली होती आणि डाव्या हाताने बेस स्वतः वाजवली होती. त्यांची फजिती होऊ नये म्हणून.

"मागीर?" मी विचारलं.

"मागीर वाजयलें. लोक पळयताले मगो." त्यांनी वायरीला गाठ मारली. "तुवेंच सांगलें?"

मी हो म्हटलं, फळ्यांचंही सांगितलं. खोटं बोलायचं धैर्य नव्हतं, आणि खरं तर खोटं बोलून काही उपयोगही नव्हता.

त्यांनी वायर पिशवीत ठेवली. मग माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे म्हणाले, "फळयो घालूंक सांगलें तें बरें केलें. ना जाल्यार माका कळपाचेंच ना."

ते रागावले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी आयुष्यभर त्यांचे उपकार मानले असते. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा त्यांनी चहा दिला, उंडे दिले, बँकेची विचारपूस केली. गिटार पिशवीतून काढायला काही सांगितलं नाही. खुर्ची खिडकीसमोर नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. मग मी जाणं कमी केलं. भिडेपोटी म्हणा, लाजेपोटी म्हणा, दोन्ही होतंच.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. प्रकाशने कौतुकाने कोणाला तरी सांगितलं असणार, की बघा, ऐकू येत नसतानाही माणूस उभा राहिला. लोकांनी कौतुक टाकलं आणि बाकीचं घेतलं. म्हापशाच्या दुकानात गिऱ्हाइकं कपाटाकडे बोट दाखवून हसायला लागली. आग्नेलबाब मला म्हणाले, "आट म्हयने जाले, गुरुदासबाब येवंक ना. आपयताच कोण ना तर येतलो कसो?" मी त्यांना विचारलं, कपाट काढून टाकणार का? त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि फडक्याने कपाटाची धूळ पुसली. आणि कपाटाची परीक्षा खोटी नव्हती हो. त्यांनी निवडलेली माझी काळी बेस आजही सुरात आहे, तिची मान केसभर वाकलेली नाही. त्याच दुकानातली ती लालभडक बेस एका हौशी माणसाने नेली होती. तिची मान दुसऱ्या पावसाळ्यात धनुष्यासारखी झाली.

त्यानंतरच्या चैत्रात एकदा धीर करून मी आमोण्याला गेले. त्यानंतर पंधरा दिवसांत बहीण त्यांना वाळपईला घेऊन गेली, आणि तिथे सहा महिन्यांतच ते गेले. त्यामुळे ते माझं शेवटचं पाहणं.

अकरा वाजले असतील. फाटकावरची पिशवी रिकामी होती, म्हणून मी वाटेत घेतलेले उंडे तिच्यात ठेवले. दार उघडंच होतं. हाक मारण्यात अर्थ नव्हता, मी आत गेले. आतल्या खोलीत ते शिसवी कपाट अजून मधोमध होतं. गुरुदासबाब त्याच्या पलीकडे स्टुलावर बसलेले. गिटारीचं डोकं कपाटाला टेकलेलं, उजवा गाल फळीला, डोळे मिटलेले. अंगठा चालू होता. खोलीत जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं.

माफी मागायची वाक्यं मी बसमध्ये जुळवली होती. कपाटावर एक टकटक केली असती तर त्यांना लगेच कळलं असतं. मी हातही उचलला. पण कळल्यावर ते थांबले असते, गिटार बाजूला ठेवली असती, आणि मला चहा दिला असता. तो चहा मला नको होता.

मी हात खाली घेतला. कपाटाच्या अलीकडच्या बाजूला गेले आणि माझा गाल फळीला लावला.

लाकूड थंड होतं. पहिल्यांदा नुसती धडधड वाटली, माझीच असेल. मग सूर आले. जाड, सावकाश, एकामागून एक, थेट दातांत आणि कानाच्या मागच्या हाडात. साड्यांत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मी लहानपणी ज्या सुरासाठी स्टेजखाली बसायची तोच हा, इतक्या जवळ तो मला कधी आला नव्हता. एक ओळ वर चढली, काठाला लागल्यासारखी थांबली, परत फिरली. गाणारी नव्हती, बासरी नव्हती, आणि तरी ते सगळं गाणं होतं. ह्यात ते होते. आत्ता सापडले.

"पैलतड," मी म्हणाले.

मग मोठ्याने म्हणाले, "पैलतड, बाब. बरोबर मगो?"

कडवं संपलं. थोडा वेळ लाकूड गप्प होतं. मग त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.